दुसऱ्यांच्या घरातली पुस्तकं

वाचनालयात मी झाडझूड करायला लागले आणि शिपाई होऊन सुटले. मध्ये बत्तीस वर्षं गेली. शिक्षण चौथी पास. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी पुस्तकांची कार्डं लिहिली असं येईल आणि वाचणाऱ्याला उगाच वाटेल की ही कोणी शिकलेली बाई आहे.

आमच्या तालुक्याच्या गावातलं वाचनालय लहान. दोन खोल्या, एक व्हरांडा. आतल्या खोलीत कार्डांचं सागवानी कपाट होतं, लहान लहान खणांचं. एका पुस्तकाचं एक कार्ड. त्यावर लेखकाचं आडनाव, पुस्तकाचं नाव, कुठे छापलं, कोणत्या साली, पानं किती. सगळ्यात खाली पुस्तक कोणत्या कपाटात आहे ते. वाचकाने कार्ड पाहायचं, चिठ्ठी लिहायची, मी पुस्तक काढून द्यायचं. कॉम्प्युटर आल्यावर ते कपाट कोणी उघडेनासं झालं. त्यावर पाण्याचा माठ आला.

पण त्या कपाटाचे खालचे चार खण वेगळे होते. त्यांवर पट्टी चिकटवली होती, ‘बाहेरची’. त्या खणांतली पुस्तकं वाचनालयात नव्हतीच. ती लोकांच्या घरी होती. पेटीत, कोठीत, माळ्यावर, देवाच्या फळीवर. आमच्या भागाबद्दल छापलेलं एखादं पुस्तक कोणाच्या घरी आहे, याची ती कार्डं होती. घरी पडलेल्या पुस्तकांची सूची करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

हा माणूस म्हणजे आमचे ग्रंथपाल. मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला बाई म्हणतात. मशिदीच्या गल्लीत त्यांच्या वडिलांचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं, तिथेच ते वाढले. निवृत्त झाले तरी रोज अकराला वाचनालयात यायचे आणि खालच्या खणांपुढे सतरंजी टाकून बसायचे. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या जंगलाबद्दल, झाडांबद्दल, नाटकांबद्दल, गोंडी बोलीबद्दल लिहिणारे लोक नागपूर-पुण्याच्या ग्रंथालयांत पुस्तकं शोधतात. तिथे मिळत नाहीत. आणि तेच पुस्तक आरमोरीच्या एखाद्या घरी गोधड्यांच्या खाली असतं. पुस्तक घरच्यांपाशीच राहू द्यावं. कुठे आहे एवढं फक्त कळावं.

मी यात कशी आले ते सांगते. माझं माहेर जंगलातलं. भाऊ पहिल्यांदा तिकडच्या एका गावात जायला निघाले तेव्हा गोंडी बोलणारं कोणी सोबत हवं म्हणून मला घेतलं. गेलो. घरच्या माणसाने अंगणातूनच सांगितलं, “पुस्तक-बिस्तक काही नाई आमच्या घरी.”

भाऊंनी खिशातून वही काढली होती, तिथेच चूक झाली. आमच्याकडे सागाच्या झाडावर वनखात्याचा माणूस हातोडीने शिक्का मारतो, नंबर घालतो, वहीत लिहितो. वहीत गेलेलं झाड उभं राहत नाही. म्हणून कोणी पेन काढून वस्तू लिहायला लागला की माणसं गप्प होतात. शहरातल्याला हे कळत नाही. मी मागच्या दाराने चुलीपाशी गेले. घरची बाई धान पाखडत होती. आम्ही गोंडीत बोललो.

ती म्हणाली, “लिहून नेते आन् मंग गाडी येते.”

मी म्हटलं, “याची काय गाडी येणार? पायीच आला आहे. पाहा त्याची चप्पल.”

तिने दारातून डोकावून भाऊंची चप्पल पाहिली. एका पट्ट्याला सुतळी बांधलेली होती. ती हसली, सूप खाली ठेवलं आणि मोहफुलांच्या टोपलीच्या मागून लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं पुस्तक काढलं. घरात कोणालाच वाचता येत नव्हतं. पण कधी काळी कोणी शिकलेला माणूस त्या गावात येऊन राहिला होता आणि त्याने ते पुस्तक लिहिलं होतं. त्यात तिच्या सासऱ्याचा ढोल वाजवतानाचा फोटो होता. म्हणून ठेवलं होतं.

भाऊंनी ते पुस्तक हातात घेतलं तेव्हा आधी हात धोतराला पुसले. द्या म्हणून मागितलं नाही. वहीत काय लिहिलं ते बाईला वाचून दाखवलं आणि वचन दिलं. पुस्तकावर नंबर टाकणार नाही. शिक्का मारणार नाही. घराचं नाव छापणार नाही. कोणाला पुस्तक पाहायचं असेल तर तो वाचनालयात येईल, आणि घरच्यांना विचारून आम्ही त्याला घेऊन येऊ.

हेच वचन त्यांनी पुढे प्रत्येक घरी दिलं आणि पाळलं. इतकं पाळलं की घरी येऊन कार्ड लिहिलं की कच्च्या वहीतलं पान फाडून चुलीत घालायचे. यादी दोन ठिकाणी नको. मोबाइलवर फोटो काढा म्हणून वाचनालयाचे सचिव कितीदा म्हणाले. भाऊ नाही म्हणायचे. फोटो कुठे कुठे जातो ते आपल्या हातात राहत नाही.

अशी पंधरा-सोळा वर्षं आम्ही फिरलो. सुट्टीच्या दिवशी एसटीने जायचं, उतरून चालायचं. भाऊ ओसरीवर बसायचे आणि मी चुलीपाशी. पेट्यांच्या चाव्या चुलीपाशीच असतात.

मग भाऊंचे डोळे गेले. म्हणजे जायला लागले. काचबिंदू. डॉक्टरने सांगितलं की गेलेलं परत येत नाही, थेंब टाकत राहा, राहिलेलं जितकं टिकेल तितकं टिकेल. बाजूचं दिसत नव्हतं, फक्त समोरचं दिसायचं, बांबूच्या नळीतून पाहिल्यासारखं. येताना दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. मी पाहिलं नाही असं दाखवायचे.

त्याच वर्षी चंद्रपूरच्या एका कॉलेजातल्या मॅडम आल्या. सगळी कार्डं पाहून म्हणाल्या, “तुम्ही ही नीट लावून द्या सर, घरांची नावं सोडून मी सूची छापून घेते.” भाऊ आनंदाने दोन दिवस जास्त बोलत होते. मग मला म्हणाले, “बाई, एवढंच पायजे. कार्डं सोता लावीन, छापलेली पानं माह्या डोळ्यांनं एकदा तपासीन. त्याच्यानंतर डोळे गेले तं जाऊ द्या.”

मी म्हटलं, “डोळ्याले विचारलं का?”

“त्याले काय विचारायचं? त्याच्याआधी आपण करू.”

आणि हे सगळं मी घालवलं.

श्रावणात वाचनालयाचं छत गळलं. पाणी नेमकं खालच्या खणांत उतरलं. सकाळी मी खण ओढला तर कार्डं फुगून एकमेकांना चिकटलेली. शाई फुटली नव्हती, भाऊ चांगली शाई वापरायचे. दोन दिवसांनी ऊन पडलं. निघाली तेवढी कार्डं मी व्हरांड्यात पोत्यावर पसरली, दुपारपर्यंत उलटीपालटी करून वाळवली. मग त्यांच्या गड्ड्या केल्या, सुतळीने बांधल्या, प्रत्येक गड्डीवर एक दगड ठेवला. आणि घरी भाकरी खायला गेले.

दगड का ठेवला ते सांगायला पाहिजे. वारा नव्हता. माझ्या माहेरी जंगलात कोणी लाकडं तोडून ठेवली, डिंक ठेवला, मोहाचा ढीग केला, की त्यावर दगड ठेवतो. याचा अर्थ याला मालक आहे. मग तो ढीग महिनाभर तिथे राहिला तरी कोणी हात लावत नाही. भांडण असलेला शेजारीसुद्धा लावत नाही. मी तालुक्याच्या गावात चाळीस वर्षं राहते. पण दगड ठेवला की वस्तू राखली गेली, हे माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. इथल्या माणसांना ते माहीत नसेल, हे मला कधी सुचलंच नाही.

त्याच दिवशी सचिवांनी जुनी वर्तमानपत्रं न्यायला रद्दीवाल्याला सांगितलं होतं. “व्हरांड्यात बांधून ठेवलेलं आहे ते ने,” म्हणून.

मी परत आले तेव्हा वर्तमानपत्रं नव्हती आणि पोत्यावरच्या गड्ड्याही नव्हत्या. दगड तेवढे भिंतीपाशी ओळीने लावून ठेवलेले होते.

मी रद्दीवाल्याच्या गोदामात गेले. तो चहा पीत होता.

“व्हरांड्यातली कार्डं कुठी आहेत?”

“कोणती कार्डं? साहेबांनं सांगतलं बांधलेलं ने, मी नेलं.”

“त्याच्यावर दगड होता.”

“होता ना. दगड मी बाजूले ठेवला. तुमचा दगड नाई नेला बाई.”

तो खोटं बोलत नव्हता. गाडी अर्ध्या तासापूर्वी भरून निघून गेली होती. त्याने फोन केला, पण गाडीवाल्याने उचलला नाही, आणि उचलला तेव्हा माल कागदाच्या कारखान्यात उतरून लगद्याच्या ढिगात गेला होता. गोदामात त्याच्या तराजूखाली एक गड्डी सापडली. तराजू हलतो म्हणून त्याने पायाखाली घातली होती. तेवढी वाचली. आणि जी कार्डं चौथ्या खणाला अजून चिकटून राहिली होती म्हणून मी बाहेर काढलीच नव्हती, ती वाचली. बाकी सगळी गेली.

भाऊंना सांगायला मी त्यांच्या घरी गेले. वाटेत काही ठरवलं नाही. ते खाटेवर बसून डोळ्यांत थेंब टाकत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. दगडाचंसुद्धा.

थेंब गालावरून खाली आला. तो पुसून म्हणाले, “किती गेली?”

“तीन खण. चौथ्यातली थोडी आहेत.”

“वाळली होती?”

“काय?”

“कार्डं. वाळली होती का नीट?”

“कडकडीत वाळली होती.”

“बरं,” म्हणाले. मग भाभींना, त्यांच्या बायकोला, म्हणाले, “बाईले चहा दे.”

मी चहा प्यायला थांबले नाही.

चार दिवस ते वाचनालयात आले नाहीत. पाचव्या दिवशी मी गेले. भाभी दारातच भेटल्या. “जेवते, झोपते, बोलत नाई,” म्हणाल्या. “मले म्हणते, मी लोकाइले जबान दिली होती का यादी कोणाच्या हाती जाणार नाई. आता कोणाकोणाले सांगू?”

मी आत गेले. म्हटलं, “लगद्यात गेली भाऊ. लगदा कोण वाचते?”

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मी म्हटलं, “मी पुन्हा जातो. सगळ्या घरी.”

“तुमाले लिवता येते का बाई?”

“चौथीपर्यंत येत होतं. अजून सगळं गेलं नसन.”

तेव्हा ते थोडे हसले. मग हसू गेलं. म्हणाले, “इतकी घरं. मले नावं आठवतात पुस्तकांची, घरं नाई आठवत. आणि डोळे थांबणार नाईत तोवर.”

“तुमी पुस्तकं सांगा. घरं मले ठाऊक आहेत.”

मग आम्ही बसलो. भाऊंच्या डोक्यात पुस्तकं लेखकाच्या आडनावाने लागलेली होती. माझ्या डोक्यात ती चुलींनी लागलेली होती. कोणाच्या घरी काय खाल्लं, कोणाची सून माहेरी गेलेली, कुठे पाणी बाहेरून आणायला लागलं. त्यांनी लेखक सांगितला की मला काही आठवायचं नाही. मी घर सांगितलं की त्यांना पुस्तक आठवायचं.

“पोंभुर्ण्याच्या पुढं. घरासमोर बोरीचं झाड, कुत्रा लंगडा.”

“तिथी दोन होती. एक औषधी झाडपाल्याचं, एक जुन्या नाटकाचं.”

“कुत्रा एकच होता.”

“कुत्र्याचं नाई विचारलं बाई.”

असं करत करत आठ दिवसांत घरांची यादी झाली. मग कार्ड कसं लिहायचं ते त्यांनी शिकवलं. आडनाव वर, डावीकडे. नाव मुखपृष्ठावरचं घ्यायचं नाही, आतल्या पानावरचं घ्यायचं, कारण मुखपृष्ठ खोटं बोलतं. पानं मोजायची नाहीत, शेवटच्या पानावरचा आकडा लिहायचा. साल नसेल तर ‘साल नाही’ लिहायचं, अंदाज करायचा नाही. मी अंदाज करणारी नाहीच, त्यामुळे ते मला सोपं गेलं.

सचिवांना मी रजेचा अर्ज दिला. ते म्हणाले, “या वयात कुठी फिरता बाई? फोटो काऊन नाई काढले आधीच?” मी म्हटलं, “छत काऊन नाई शाकारलं आधीच?” त्यांनी सही केली.

पहिल्यांदा आलापल्लीला गेले. एका निवृत्त वनरक्षकाच्या घरी सागाच्या लागवडीवरचं इंग्रजी पुस्तक होतं. इंग्रजी अक्षर मला येत नाही. मी ते चित्र काढल्यासारखं काढलं, एकेक रेघ पाहून. दोन ओळींना अर्धी दुपार लागली. त्यांची सून शेजारी बसून तांदूळ निवडत होती. तिने वाकून पाहिलं. “मावशी, हे एक उलटं काढलं तुमी.” मी खोडून सुलटं केलं. तिने विचारलं, “पहिलेच्या बारीला ते सर आले होते ना? त्यांनं तं दोन मिनटात लिवलं होतं.”

“त्याचे डोळे जाऊन राह्यले,” मी म्हटलं.

तिने तांदळाचं सूप बाजूला सरकवलं आणि पुढच्या ओळी ती बोटाने दाखवत गेली, मी काढत गेले.

सासऱ्याचा फोटो असलेल्या घरी गेले तेव्हा ती बाई आता म्हातारी झाली होती. माझ्याइतकीच. मला ओळखलं, पण पुस्तक काढेना.

“पहिले लिहून नेलं होतं ना? कुठी गेली ती यादी?”

“माह्या हातून गेली. रद्दीत.”

“कशी?”

सांगितलं. व्हरांडा, पोतं, गड्ड्या, दगड. दगडाचं ऐकून तिने तोंडावर पदर घेतला. मला वाटलं रडते. ती हसत होती. हसून हसून खोकला लागला तिला. सुनेला हाक मारून पुन्हा माझ्याकडून सांगवून घेतलं. “दगड ठेवला आन् नेलं?” म्हणाली. “आपल्या गावात दगड ठेवला तं वाघ बी नाई नेत. कोणते लोक राहतात तुमच्याकडं?”

पुस्तक दिलं. आणि जाताना सांगितलं, “त्या चप्पलवाल्याले म्हणा, लवकर कर.”

सगळीकडे असं झालं नाही. एका घरी दार लावून घेतलं. आतून म्हणाले, एकदा हरवलं ते दुसऱ्यांदाही हरवेल. त्यांचं बरोबर होतं. मी दारात बसून राहिले नाही, परत आले आणि ते कार्ड कोरंच ठेवलं.

आरमोरीला एका मास्तरांच्या घरी गेले. मास्तर वारले होते. त्यांच्या मुलीने पेटी उघडली तर आत उधईने, म्हणजे वाळवीने, सगळ्याची माती केली होती. पुस्तकाचा फक्त पाठीचा पुठ्ठा होता. मी कार्ड लिहिलं, नाव पुठ्ठ्यावरून घेतलं आणि खाली लिहिलं, ‘होतं. आता नाही.’

भाऊंनी ते कार्ड बाजूला काढलं. “हे चालत नाई बाई. सूचीत जे आहे तेच लिवतात.”

“होतं ना पण.”

“होतं ते सूचीत नसते.”

“मंग ते छापलं होतं हे कोणाले कळन? मास्तर मेले, पुस्तक मेलं. आपण दोघं आहो, आपण बी मरू.”

ते बराच वेळ कार्ड डोळ्याजवळ धरून बसले. मग माझ्या वाक्यातले शब्द खोडून एवढंच ठेवलं, ‘होते.’ आणि कार्ड आपल्या जागी लावलं. व्याकरण त्यांचं, हट्ट माझा.

हिवाळा लागला तसं त्यांना कमी दिसायला लागलं. हे त्यांनी सांगितलं नाही, मला कार्डांवरून कळलं. मी आणलेलं कार्ड ते आधी हातभर अंतरावरून वाचायचे. मग भिंग घेतलं. मग दारात, उन्हात जाऊन वाचायला लागले. मी पुढच्या फेरीपासून अक्षर थोडं मोठं काढायला लागले. त्याच्या पुढच्या फेरीला आणखी मोठं. असं होत होत एका कार्डावर तीनच ओळी मावायला लागल्या आणि बाकीचं मागच्या बाजूला लिहावं लागलं.

एक दिवस ते म्हणाले, “बाई, तुमचं अक्षर वाढून राह्यलं.”

“माहं अक्षर पहिलेपासूनच मोठं आहे.”

“आलापल्लीचं कार्ड काढू का?”

“काढा. आणि बसा शोधत.”

त्यांनी काढलं नाही. भिंग पुसलं आणि पुढचं कार्ड घेतलं.

पळस फुलायच्या सुमाराला कार्डं झाली. पहिली होती तितकी नाहीत. काही घरं मला आठवली नाहीत, काही पुस्तकं त्यांना आठवली नाहीत, काही दोघांनाही आठवली पण माणसं गाव सोडून गेली होती. जी होती ती भाऊंनी स्वतः लावली. मी लावते म्हटलं तर नाही म्हणाले. दारातल्या उन्हात सतरंजी, उजवीकडे भिंग, डावीकडे ढीग. ऊन सरकलं की सतरंजी सरकवायची. तीन आठवडे लागले. शेवटचं कार्ड लावलं तेव्हा डोळे मिटून भिंतीला टेकून बसले. मी कार्डं डब्यात भरली, दोन्ही बाजूंनी बांधली आणि मॅडम आल्या तेव्हा त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिथेच बसून सगळ्यांचे फोटो काढले. यावेळी भाऊ नको म्हणाले नाहीत. डबा आमच्यापाशीच राहिला.

छापायला वेळ लागला. मॅडमच्या परीक्षा आल्या, मग उन्हाळा आला, मग टाइप करणाऱ्या बाईचं लग्न झालं. भाऊ रोज विचारायचे. मी रोज नाही म्हणायचे. मे महिन्यात एकदा त्यांनी पाण्याचा पेला हाताने चाचपून घेतला तेव्हा मी पाहिलं आणि समजले. भिंग खिशात असायचं, पण ते बाहेर काढत नव्हते.

पानं आली ती पावसाळ्याच्या तोंडावर. बांधलेली नाहीत, सुटी पानं, तपासायला पाठवलेली. मी पाकीट घेऊन त्यांच्या घरी गेले. भाभींनी दारातून मला डोळ्याने खुणावलं, सांभाळून बोला म्हणून. मला सांभाळून बोलता येत नाही.

भाऊंनी पानं हातात घेतली. वास घेतला. कागदाची कड बोटाने तपासली, त्यांच्या वडिलांच्या धंद्यातली सवय. मग एक पान डोळ्यांपुढे धरलं. थोडं जवळ. थोडं लांब. खिडकीकडे वळून धरलं. भाभी आत निघून गेल्या.

“कसं आहे बाई अक्षर?” त्यांनी विचारलं.

“बारीक आहे. मुंगीसारखं. तुमचे डोळे चांगले असते तरी दिसलं नसतं.”

त्यांनी पान मांडीवर ठेवलं. बाहेर कोणी सायकल उभी केली आणि पाडली, तेवढा आवाज आला.

“माह्या डोळ्यांनं तपासायचं होतं,” ते म्हणाले.

“ते नाई होणार आता.”

“नाई होणार.”

“मी वाचतो. तुमी ऐका. चूक डोळ्यानंच सापडते असं कुठी लिवलं आहे?”

“तुमी वाचाल? सगळं?”

“दुसरं काय काम आहे मले?”

मी चष्मा लावला. पहिलं पान घेतलं, डबा उघडून त्या पानाची कार्डं गुडघ्यापाशी लावली. वाचायला लागले. मला सलग वाचता येत नाही, शब्द शब्द तोडून येतं. आडनाव, नाव, गाव, साल, पानं. इंग्रजी आलं की मी कार्ड आणि कागद शेजारी शेजारी धरायचे, रेघ रेघ जुळवायचे आणि ‘बरोबर’ म्हणायचे. भाऊ मान खाली घालून ऐकत होते. ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. पहिलं पान झालं. दुसरं झालं. मला वाटलं, हे माझ्यासाठी बसून राहिले आहेत. मी थकले की संपलं.

तिसऱ्या पानावर मी वाचलं, “पाने एकशे चौदा.”

“किती?”

“एकशे चौदा.”

“एकशे चाळीस,” भाऊ म्हणाले. मान वर आली होती. “ते नाटकाचं पुस्तक. शेवटच्या पानावर छापखान्याची जाहिरात होती, त्याच्या वरतं आकडा होता. एकशे चाळीस. कार्ड पाहा.”

मी कार्ड पाहिलं. माझंच अक्षर, हे मोठं. एकशे चाळीस.

“चाळीस आहे.”

“पाहा!” ते म्हणाले, आणि खाटेवरून पुढे सरकून बसले. “टाइपवालीले घाई झाली असन लग्नाची. पेन घ्या बाई. पान तिसरं, वरून किती ओळी?”

मी ओळी मोजल्या. त्यांनी पुन्हा मोजायला लावल्या. मी समासात आकडा लिहिला, त्यांनी तो नीट दिसतो का विचारलं, मी दिसतो म्हटलं. मग म्हणाले, “याच्या आधीची दोन पानं पुन्हा वाचा. तेव्हा माहं ध्यान नव्हतं.”

मी पहिलं पान पुन्हा घेतलं. भाभी आतून आल्या आणि विचारलं, जेवण वाढू का, दोन वाजून गेले.

“थांब थोडी,” भाऊ म्हणाले. “चुका सापडून राहिल्या.”